क्रूसबाईंची हरवलेली सुट्टी

"मी ऑरिन ट्रेवेना. सिल्व्हर केटल गावचा, किंबहुना या अख्ख्या डोंगररांगेतला एकमेव खाजगी गुप्तहेर. माझ्या नजरेतून सुई सुटत नाही, कानातून कुजबुज सुटत नाही आणि हातातून गुन्हेगार सुटत नाही. तुम्ही दोघं नेब्रास्काहून आलात, हे मी तुम्ही तोंड उघडायच्या आत ओळखलं."

ओळखणारच. अंगणात उभ्या असलेल्या त्यांच्या गाडीच्या नंबरपाटीवर 'नेब्रास्का' असं वीतभर अक्षरांत लिहिलं होतं, आणि हा ती पाटी वाचूनच आत आला होता.

हा माझा धाकटा दीर. नजरेतून सुई सुटत नाही म्हणे! या माणसाने तीस वर्षं गावचा बर्फ ढकलायचा ट्रक चालवला. त्या तीस वर्षांत त्याच्या नजरेतून अकरा टपालपेट्या सुटल्या, मेथडिस्ट चर्चचं कुंपण सुटलं आणि एक उभी गाडी सुटली. ती त्याचीच होती. निवृत्त झाल्यावर टपालाने एक शिक्षणक्रम मागवला, 'वीस धड्यांत गुप्तहेर', आणि येतील ते धडे शिवून पुस्तक केलं. त्यातला सतरावा धडा टपालातच हरवला. तो कुठं गेला, हे गुप्तहेराला अजून सापडलेलं नाही.

माझ्या नवऱ्याला कबरीपर्यंत पोचवायला म्हणून या घरात आला होता. त्याला नऊ वर्षं झाली. मागच्या खोलीत राहून अजून दुःख करतोय, दिवसातून तीनदा, माझ्या जेवणाच्या टेबलावर.

आता या टेबलाबद्दल आणि माझ्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. मी थर्झा ट्रेवेना, सहा खोल्यांचं उतारघर चालवते. उतारघर म्हणजे माणसं उतरतात म्हणून नव्हे, घरालाच उतार आहे. आमचं गाव चांदी सापडली तेव्हा घाईघाईत बांधलं. पाया कुणी घातला नाही, कारण चांदी संपली की पळायचंच होतं. चांदी संपली, पण पळायला पैसे उरले नाहीत, म्हणून आमचे आजे-पणजे इथंच राहिले. तेव्हापासून दर हिवाळ्यात जमीन गोठून फुगते आणि दर वसंतात प्रत्येक घर नव्या कुशीवर झोपतं. माझं पूर्वेला झुकलंय. किती झुकलंय, तर माझे सासरे वरच्या खोलीत वारले आणि शववाले यायच्या आत स्वतःच जिन्यापर्यंत आले. खोटं वाटत असेल तर ऑरिनला विचारा. त्याने तेव्हा त्यांची चौकशी केली होती.

पाया सरळ करून घ्यावा म्हटलं तर गावची वारसा समिती आडवी येते. दार रंगवायचं तरी त्यांची परवानगी. समितीच्या अध्यक्षा मिस ब्लॉजेट म्हणतात, "मिसेस ट्रेवेना, तुमचा कल ऐतिहासिक आहे." त्यामुळे आमच्या गावात कोणत्याही घरात जा, प्रत्येक टेबलाच्या, पलंगाच्या, कपाटाच्या एका पायाखाली काहीतरी सारलेलं असतं. पाचर म्हणा, टेकू म्हणा. लाकडाचा तुकडा, जुनी स्तोत्रांची पुस्तकं, घोड्याची नाल, हाताला येईल ते. लहानपणापासूनची सवय, श्वास घेतल्यासारखी. डगमगलं की वाकायचं, सारायचं आणि पुढं चालायचं. सारताना काय सारलं, हे कुणी बघत नाही.

नेब्रास्काचे ते दोघं आले त्या बुधवारी दुपारी ऑरिनच्या हातून सॉसेज निसटलं आणि घरंगळत टेबलाखाली गेलं. त्याच्यामागे गुप्तहेर गेला, आणि आतून आरोळी आली, "चोर!"

वर आला तो 'वीस धड्यांत गुप्तहेर' छातीशी धरून.

"वहिनी! महिनाभर शोधतोय मी हे पुस्तक! हे टेबलाखाली कुणी घातलं?"

"शोध की. गुप्तहेर तू आहेस."

"गुन्हेगार," त्याने पुस्तकावरची धूळ फुंकली, "डावखुरा आहे."

गुन्हेगार डावखुरा आहे, हे तो नेहमीच म्हणतो. तिसऱ्या धड्यात आहे. चर्चच्या दानपेटीतून बटणं निघाली, गुन्हेगार डावखुरा. कुणाच्या तरी मांजरीला पिल्लं झाली, तेव्हाही डावखुरा. माझ्याकडे त्याचं लक्ष नव्हतं हे बरं, कारण तेव्हा मी, जन्माची डावखुरी, डाव्या हाताने त्याच्या मांडीवरून रस्सा पुसत होते. पाचर काढल्याबरोबर टेबलाने मान टाकली होती आणि सगळा रस्सा पूर्वेला निघाला होता.

तीन वाजता क्रूस नवरा-बायको आले. ऑटिली क्रूस उंच, ताठ, डोक्यावर पिसाची हॅट. मर्विन क्रूस रुंद आणि गप्प. नेब्रास्कात त्यांची सहाशे डुकरं. सामान ओसरीवर उतरलं, बोळातल्या पेटीवर हॅटीचे डबे चढले. मी त्यांना खोली दाखवली, परत येऊन टेबलाचं बघितलं, पायमोजे धुतले, संध्याकाळच्या पास्ट्या भरायला घेतल्या. पास्टी म्हणजे आमच्या खाणवाल्यांची करंजी, आत मांस, बटाटा आणि सलगम. पोटात गेली की माणसाला दोन दिवस भूक लागत नाही, पण पोहताही येत नाही.

गुरुवारी सकाळी ऑटिलीबाई जिन्यावरून खाली आल्या त्या पांढऱ्याफटक.

"माझी वही," त्या म्हणाल्या. "माझी वही कुठाय?"

ही साधीसुधी वही नव्हती. चौदा महिने लिहिलेली ती सुट्टीची वही होती. तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली, जाडजूड. बाईंना ती पाठ नव्हती का? थोडी होती. दर संध्याकाळी नवऱ्याला वाचून दाखवायच्या म्हणे. मर्विनने तोंडातला घास गिळून मला एक नमुना सांगितला.

"गुरुवार. नऊ चाळीस, धबधबा बघणे. नऊ एक्कावन्न, प्रसन्न होणे. दहा पाच, मर्विनला दम लागेल, बसणे."

"आणि मग?"

"मग पुढचं पान आहे."

वहीच्या मागच्या खिशात शनिवारी अकराच्या छोट्या आगगाडीची तिकिटं होती. वर जुन्या खाणीपर्यंत जाते ती, कोळशावरची, दोनच डबे. जानेवारीतच भरून जाते. खिडकीवरचा माणूस तर असा, की सख्ख्या आईलाही तिकिटावाचून चढू देणार नाही. एकदा खरंच दिलं नव्हतं.

"घाबरू नका, बाई," ऑरिन उठला. उठताना त्याने रुमाल झटकला आणि चमचा मर्विनच्या कॉफीत पडला. "तुम्ही नशीबवान आहात. तुमची वही बरोबर त्याच घरात हरवली, ज्या घरात मी राहतो."

एवढं खरं बोलताना मी त्याला आधी कधी ऐकलं नव्हतं.

"शेवटची कुठं बघितलीत?"

"बोळातल्या पेटीवर. हातमोज्यांशेजारी. हातमोजे आहेत."

"अस्सं! चोराला थंडी वाजत नव्हती." त्याने लिहून घेतलं. "नियम पहिला, सुरुवात घरापासून. वहिनी, बुधवारी तीन ते चार तू कुठं होतीस?"

"तुझे पायमोजे धूत होते."

"साक्षीदार?"

"पायमोजे."

त्याने मला नखशिखान्त न्याहाळलं आणि माझ्या नावावर काट मारली. "वहिनी निर्दोष. तेवढी कल्पनाशक्ती नाही."

मी लाटणं उचललं होतं, पण पाहुण्यांसमोर ठेवून दिलं.

बाई माझ्यामागून स्वयंपाकघरात आल्या. हॅट डोक्यावर, पर्स मांडीवर, अशा बसल्या जसं काही स्टेशनावर बसल्यात. मी करंज्यांच्या कडा मुरडत होते.

"आमचं लग्न झालं ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा इथंच यायचं ठरलं होतं. चर्चमधून बाहेर पडलो आणि शेजारचा हॅरल्ड धावत आला. डुकरीण व्याली. चौदा पिल्लं. मर्विन लग्नाच्या कोटात गोठ्यात गेला तो तिसऱ्या दिवशी बाहेर आला."

"आणि मग?"

"मग अडतीस वर्षं. एक व्याली की दुसरी असतेच. आत्ता हॅरल्ड म्हणाला, रविवार संध्याकाळपर्यंत बघतो. चार दिवस."

"पुढच्या वर्षी पुन्हा या की."

"हॅरल्ड अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे हो," बाई म्हणाल्या. "मी पुढचं वर्ष वहीत धरलेलंच नाही."

"अहो, मग वहीशिवाय फिरा. गाव समोर आहे, डोंगर समोर आहेत."

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना वस्त्रांशिवाय फिरा म्हणाले. "न ठरवता बाहेर पडायचं? आणि बघायचं कुठं?"

पर्यटकांना मी आयुष्यभर नावं ठेवत आले. पण हॅट घालून माझ्या स्वयंपाकघरात सुट्टी घालवणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होते. नावं ठेवायला जीभ वळेना. म्हणून ती मी ऑरिनला ठेवली.

"अरे, काही करतोस की नाही?"

"झालं," तो म्हणाला. "गुन्हेगार सापडला. क्लेम रुडबॉ."

क्लेम माझ्यासमोर रस्त्यापलीकडे उतारघर चालवतो. त्याच्या दारात प्लॅस्टिकचं अस्वल आहे, भिंतीत गोळ्यांची भोकं आहेत, ती तो दर मे महिन्यात गिरमिटाने नवी पाडतो. रोज दुपारी चारला रस्त्यावर बंदूकबाजीचा खेळ करतो. शेरीफ येतो, दरोडेखोर येतो, चार दहाला दरोडेखोर मरतो. दरोडेखोर क्लेमच असतो. या गावात खरी बंदूकबाजी एकदाच झाली होती, माझ्या आजीने मला सांगितलंय. दोन माणसांनी एकमेकांवर बारा गोळ्या झाडल्या आणि एक खेचर लंगडं झालं. पण ते तिकीट काढून कोण बघणार?

"हेतू?" मी विचारलं.

"धंद्यातली चुरस. तुझ्या पाहुण्यांची सुट्टी नासवायची, म्हणजे पुढच्या वेळी ते त्याच्याकडे. शिवाय तो डावखुरा आहे."

"क्लेम उजव्या हाताने गोळी झाडतो."

"मुद्दाम!"

ऑरिन चार दहाला रस्त्याच्या मधोमध गेला. क्लेम नुकताच मरून धुळीत पडला होता, साठ-सत्तर पर्यटक गोल करून उभे.

"हात वर!" ऑरिन ओरडला. "वही कुठाय?"

क्लेमने एक डोळा उघडला. "ऑरिन, मी मेलोय. नंतर ये."

"तुझ्या मरणाचा मी धसका घेत नाही! बुधवारी तीन ते चार कुठं होतास?"

"जिवंत होतो. जा ना बाबा, लोक बघतायत."

"तीन ते चार!"

"तुझ्याशीच तर पत्ते खेळत होतो, गाढवा! तूच हरलास!"

पर्यटकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. क्लेम म्हणतो, त्या मोसमातला तो सगळ्यात चांगला प्रयोग झाला. दुसऱ्या दिवशीही येशील का, असं त्याने ऑरिनला विचारलं. ऑरिन म्हणाला, सत्य हा खेळ नव्हे. पण विचारात पडलेला दिसला.

शुक्रवारी त्याने नवा सिद्धान्त काढला, वारसा समितीचा. बाईंनी म्हणे वहीत गावातल्या घरांचे फोटो चिकटवले होते. एखाद्या फोटोत कुणीतरी परवानगीवाचून केलेला बदल दिसत असणार. मिस ब्लॉजेटने तो पुरावा हस्तगत केला!

"अरे, तसं असेल तर ती बाई फोटो दाखवत फिरेल, चोरेल कशाला?"

"वहिनी, तू स्वयंपाक बघ."

हा गेला मिस ब्लॉजेटकडे. दोन तास तिची उलटतपासणी घेतली. परत आला तो हातात कागद घेऊन. कागद माझ्या नावावर. माझ्या मागच्या भिंतीला मी वेलाआड अॅल्युमिनियमची खिडकी बसवली होती. सहा वर्षं समितीच्या नजरेस पडली नव्हती. बोलताबोलता याने तिला उदाहरण म्हणून सांगितली. तीस दिवसांत काढा, असा हुकूम.

"निदान एक गोष्ट सिद्ध झाली," ऑरिन म्हणाला. "मिस ब्लॉजेट काही लपवत नाही."

"तूही नाही!"

त्या दुपारी मी क्रूस दांपत्याला हाताला धरून दाराबाहेर काढलं. म्हटलं, अर्धा तास तरी गाव बघून या. वीस मिनिटांत परत.

"काय बघितलंत?"

"अस्वल," मर्विन म्हणाला.

"आवडलं?"

"प्लॅस्टिकचं आहे."

बाई पुन्हा स्वयंपाकघरात येऊन बसल्या. या वेळी हॅटीची पिनही काढली नाही. म्हणाल्या, "उद्या आगगाडी गेली की आम्ही निघतो. इथं बसायचं ते घरी बसू. निदान हॅरल्डला सुट्टी मिळेल."

मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी थापा मारते, तशी मारली. म्हटलं, बाई, काळजी करू नका, हे ठोकेवाल्यांचं काम दिसतंय. आमच्या खाणीत बुटके राहतात, गुडघ्याएवढे. दरड पडायच्या आधी आतून ठोके देऊन खाणवाल्यांना सावध करतात. त्यांच्यासाठी करंजीची कड ठेवावी लागते. नाही ठेवली की वस्तू लपवतात. माझ्या आजोबांनी एकदा कड खाल्ली, तर त्यांची लाकडी कवळी तीन वर्षं नाहीशी झाली आणि सापडली तेव्हा खाणीत दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडात होती.

बाईंनी निमूटपणे आपल्या करंजीची कड मोडली, बशीत घालून बोळातल्या पेटीवर ठेवून आल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी शिकलीसवरलेली डुकरांची मालकीण, आणि माझ्या थापेपुढं कड ठेवते!

ती कड ऑरिनने खाल्ली. मग पेटीवरचा पुरावा नाहीसा झाला म्हणून नवी चौकशी उघडली.

संध्याकाळी शेवटचा सिद्धान्त आला. तो मर्विनवर होता. ऑरिनने ओसरीवरच्या झुलत्या खुर्चीत त्याला गाठलं. मर्विन दोन दिवस तिथंच बसून होता. मी खिडकीतून वाटाणे सोलत ऐकत होते.

"क्रूसभाऊ, तुम्हाला डोंगर चढायची इच्छा नव्हती."

"नाही."

"वहीत तीन डोंगर होते."

"चार."

"म्हणजे वही नाहीशी झाली तर फायदा कुणाचा? तुमचा!"

मर्विनने बराच वेळ विचार केला. समोरचा डोंगर गुलाबी होऊन पुन्हा करडा झाला.

"दोन दिवस इथं बसलोय," तो म्हणाला. "ती आत बसलीय. अडतीस वर्षांत ती बसलेली मी बघितली नाही. मला नाही आवडलं ते."

"पण डोंगर..."

"डोंगर चढलो असतो. ती पुढं, मी मागं. दहा पाचला बसलो असतो." त्याने खाली बघितलं. "तुमच्या ओसरीवरून वाटाणा टाकला की तो कुठं जातो, माहितेय?"

"विषय बदलू नका!"

"पूर्वेला जातो. मी सगळीकडे टाकून बघितलाय. खोलीत, जिन्यात, बोळात. सगळीकडून पूर्वेला."

ऑरिनने लिहिलं, 'संशयिताचं डोकं फिरलंय. डावखुरा?'

शनिवारी सकाळी साडेआठ. बाई खाली आल्या त्या सामानासकट. बॅगा दारात. ऑरिन टेबलाच्या शिरोभागी बसून निकाल वाचायच्या तयारीत, समोर 'वीस धड्यांत' उघडलेलं. मी उकडलेली अंडी आणली. घाईत मर्विनचं अंडं पेल्यात न ठेवता नुसतं त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं.

"मंडळी," ऑरिनने घसा साफ केला, "गेले दोन दिवस माझी बुद्धी एका विशाल कारस्थानाचा माग काढत..."

"हललं नाही," मर्विन म्हणाला.

"मध्ये बोलू नका. या कारस्थानाची पाळंमुळं..."

"अंडं हललं नाही."

सगळ्यांनी अंड्याकडे बघितलं. अंडं टेबलाच्या मधोमध शांत पडलं होतं. मर्विनने त्याला बोटाने टिचकी मारली. ते एक गिरकी घेऊन जागच्या जागी थांबलं.

"अख्ख्या घरात एवढीच जागा सपाट," मर्विन म्हणाला. "केलं कसं, बघतो." शेतकरी माणूस, त्याला कौतुक वाटलं. खुर्ची मागं सारली, हुं करत गुडघ्यांवर बसला, मेणकापड वर केलं आणि डोकं आत घातलं.

टेबलाच्या पायाशी त्याची बोटं चाचपडताना ऐकू आली.

"ऑटिली," आतून आवाज आला. "आगगाडी अकराला ना?"

मला बुधवारची दुपार लख्ख आठवली. बोळातून येताना टेबल डगमगलेलं दिसलं. पेटीवर रद्दीच्या ढिगावर काहीतरी तपकिरी, जाडीला बरोबर. हाताला आलं, वाकले, सारलं, पायमोजे धुवायला गेले. गेले दोन दिवस तीन-तीनदा त्याच टेबलावर मी त्या बाईला वाढत होते, वरून बुटक्यांच्या गोष्टी सांगत होते, आणि तिची अडतीस वर्षांची सुट्टी तिच्याच पायाशी चेपून पडली होती.

मर्विन वही घेऊन बाहेर आला. टेबलाने मान टाकली. अंडं, मीठदाणी आणि ऑरिनचं पुस्तक रांगेने पूर्वेला निघाले.

बाईंनी वही उघडली. मागच्या खिशात तिकिटं होती, इस्त्री केल्यासारखी सपाट.

"पण तिथं ठेवली कुणी?" त्यांनी विचारलं.

"ठोकेवाल्यांनी," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण जरा वरच्या पट्टीत.

मर्विनने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या पीठ लागलेल्या हाताकडे. मग टेबलाच्या पायाकडे.

"असेल," तो म्हणाला, आणि जमिनीवरून अंडं उचलून खाऊ लागला.

"थांबा!" ऑरिन ओरडला. "वही पुरावा आहे! ती सीलबंद करून..."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं सुद्धा नाही. पेन्सिल काढली, जिभेला लावली, पहिलं पान उघडलं. "दोन दिवस गेले. दीड उरला. आठ बेचाळीस झालेत. मिस्टर ट्रेवेना, धबधबा किती लांब?"

"चालत चाळीस मिनिटं, पण पुरावा..."

"सतरा धरते. तुम्ही वाट दाखवा. मिसेस ट्रेवेना, करंज्या फडक्यात बांधा, तुम्हीही चला. मर्विन, बूट!"

पुढचा दीड दिवस या गावाने जे बघितलं ते चांदी सापडल्यापासून बघितलं नव्हतं. नऊ एकोणीसला आम्ही धबधब्याखाली होतो. "प्रसन्न व्हा," बाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "चार मिनिटं." मी झाले. ऑरिन धापा टाकत होता. "मिस्टर ट्रेवेना, तुम्ही होत नाही आहात!" तोही झाला. अकराच्या गाडीला आम्ही दहा अठ्ठावन्नला पोचलो. खिडकीवरच्या माणसाने तिकिटं उलटीसुलटी करून बघितली, वास घेतला, आणि नाइलाजाने सोडलं. फलाटावर मी आणि ऑरिन टेकलो. गाडी वळणावर जाईपर्यंत पिसाची हॅट खिडकीतून बाहेर होती. दुपारी खाण, गरम पाण्याचं कुंड, कबरस्तान. चारला क्लेमचा खेळ. तो मरायला वेळ लावत होता, तर बाई गर्दीतून म्हणाल्या, "चार बाराला आम्हाला निघायचंय." क्लेम लगेच मेला. रविवारी दुपारपर्यंत चारही डोंगर. ती पुढं, तो मागं. प्रत्येक डोंगरावर मर्विनला दम लागला, आणि प्रत्येक वेळी बरोबर लिहिलेल्या वेळी.

निघताना बाईंनी वहीतल्या शेवटच्या ओळीवर टिक केली. मी डोकावून बघितलं. लिहिलं होतं, 'रविवार, बारा दहा. मर्विनचा हात धरणे.' धरला. बारा अकराला गाडी सुरू झाली.

ऑरिन आठवडाभर तुटलेल्या पायाचा माणूस असल्यासारखा लंगडत हिंडला. गावात सांगे, प्रकरण मी सोडवलं, संशयिताला इतका पिळला की त्यानेच वही काढून दिली.

ऑक्टोबरात पहिला बर्फ पडायच्या आधी टपालाने एक खोका आला. आत ओक लाकडाची पाचर होती, चारही बाजूंनी घासून गुळगुळीत केलेली. सोबत चिठ्ठी, 'टेबलासाठी. सव्वा इंच. मर्विन.'

पाचर ऑरिननेच हट्टाने बसवली. मेणकापड वर केलं, उजव्या हातात पाचर घेऊन गुडघ्यांवर बसला. बसेना. इकडून बसला, तिकडून बसला. टेबलाचा पाय भिंतीच्या कोपऱ्यात, मध्ये शेगडीची नळी. शेवटी पाचर डाव्या हातात घेतली. सटकन आत गेली.

तो टेबलाखालून हळूहळू बाहेर आला. चेहऱ्यावर असा उजेड मी त्याच्याच काय, कुणाच्याच बघितला नव्हता.

"वहिनी," तो म्हणाला, "या कोपऱ्यात उजवा हात पोचतच नाही. म्हणजे ज्याने वही तिथं सारली, तो..."

मी त्याच्या पेल्यात कॉफी ओतत होते.

"...तो डावखुरा आहे!"

"तू दर वेळी हेच म्हणतोस," मी म्हटलं, आणि किटली उजव्या हातात घेतली.

निम्मी कॉफी अठराव्या धड्यावर सांडली. तेव्हापासून ऑरिन समोर असला की मी सगळं उजव्या हाताने करते. करंज्यांच्या कडासुद्धा. गाव म्हणतं, थर्झाच्या करंज्या आताशा फुटतात, म्हातारी झाली. म्हणू देत.